खाटेशेजारची खुर्ची

अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दाराबाहेर, ज्या अरुंद वाटेत नातेवाइकांनी पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि औषधांच्या पावत्या उराशी धरून रात्री काढलेल्या असतात, तेथे सकाळी डॉक्टर बाहेर आले म्हणजे जे प्रश्न विचारले जातात त्यांचा एक शिरस्ता ठरून गेला आहे: रक्तदाब किती आहे, प्राणवायू किती लागतो आहे, व्हेंटिलेटर कधी निघेल, शुद्ध आली का. या प्रश्नांच्या गर्दीत घरातली एखादी वयोवृद्ध बाई मागून हळूच विचारते, "पोट साफ झालं का त्याचं?" आणि तिच्या नातवंडांना क्षणभर ओशाळल्यासारखे होते, जेथे प्राणाशी गाठ आहे तेथे आजीने शौचाची गोष्ट काढावी, हे त्यांना अप्रस्तुत वाटते. मला मात्र, गेल्या काही वर्षांत या विषयाचे जे वाचन घडले आणि आमच्या घरात जे पाहावे लागले त्यावरून, असे निश्चितपणे म्हणावयाचे आहे की त्या वाटेत विचारल्या गेलेल्या कोणत्याही प्रश्नाहून तो प्रश्न गौण नव्हता, आणि त्याच्या जोडीला "आज त्याला उठवून बसवलं का?" हा दुसरा प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला लागली, तर पुष्कळ रुग्णांचे हाल टळतील.

माझे थोरले बंधू सत्तरी ओलांडल्यावर न्यूमोनियाने अत्यवस्थ झाले आणि अकरा दिवस एका अतिदक्षता विभागात होते. पहिले चार दिवस ते गुंगीत, श्वसनयंत्राच्या आधारे होते; पाचव्या दिवशी घशातली नळी निघाली, शुद्ध आली, ज्वर उतरणीला लागला, आणि आता सर्व काही मार्गाला लागले असे आम्हांस वाटत असतानाच त्यांचे पोट नगाऱ्यासारखे फुगले, नाकातल्या नळीवाटे घातलेले पातळ अन्न उलटून येऊ लागले आणि ते बंद करावे लागले. क्ष-किरणचित्रे निघाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, एनिमा दिला गेला. तिसऱ्या दिवशी मला पाच मिनिटे आत सोडले तेव्हा त्यांनी कानाशी तोंड आणून, जवळजवळ अपराध कबूल करावा तशा स्वरात सांगितले, "झोपून मला होत नाही रे. आणि पडद्याच्या पलीकडे माणसं उभी असतात." जन्मभर पहाटे उठून परसाकडे जाणारा, कोणत्याही आजारात कधी भांडे न घेतलेला तो स्वाभिमानी मनुष्य तीन दिवस वेग अडवून धरीत होता, आणि सभोवती यंत्रांच्या एवढ्या पडद्यांवर आकडे झळकत असताना ही गोष्ट कोणाच्याही नोंदीत नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वेगधारणाच्या दुष्परिणामांवर एक स्वतंत्र अध्याय आहे आणि ज्यांचा अवरोध करू नये अशा तेरा वेगांची त्यात गणना केली आहे. म्हणजे हा विषय आपल्या वैद्यकाला अपरिचित होता असे नाही. त्या रात्रीच्या पाळीला असलेल्या परिचारिकेने माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले, डॉक्टरांची परवानगी काढली, दोन मावशींना हाक मारली आणि नळ्या व तारा सांभाळीत भाऊंना खाटेच्या कडेला पाय सोडून दहा मिनिटे बसवले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोठूनशी एक कमोडची खुर्ची आणून खाटेशेजारी ठेवली, पडदे नीट ओढले आणि ती स्वतः पडद्याशी पाठमोरी उभी राहिली. त्या खुर्चीने न्यूमोनिया बरा केला असे मी म्हणत नाही. तो प्रतिजैविकांनी आणि श्वसनयंत्राने बरा केला. पण त्या सकाळनंतर त्यांचे पोट उतरले, अन्न पुन्हा सुरू झाले, आणि जो मनुष्य आदल्या दिवसापर्यंत भिंतीकडे तोंड करून पडला होता तो वर्तमानपत्र मागू लागला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

एका घरातल्या अनुभवावरून शास्त्र ठरत नाही, याची मला जाणीव आहे. म्हणूनच नंतर मी या प्रश्नाचा माग काढू लागलो, आणि मला आढळले की खाट आणि खुर्ची यांचा हा वाद वैद्यकाच्या इतिहासात चांगला जुना आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी विश्रांतीच्या रोगनाशक सामर्थ्यावर व्याख्याने दिली आणि १८६३ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाचा प्रभाव इतका व्यापक ठरला की पुढे जवळजवळ शंभर वर्षे शस्त्रक्रिया झालेला, प्रसूत झालेली, हृदयविकाराचा झटका आलेला अशा सर्वांनाच आठवडेच्या आठवडे उताणे निजवून ठेवणे हा निर्विवाद उपचार मानला गेला. या समजुतीला पहिले मोठे तडे दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे गेले. १९४७ साली रिचर्ड ॲशर या लंडनच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणाच्या धोक्यांवर एक लेख लिहिला आणि फुप्फुसे, शिरा, सांधे, अस्थी, मूत्राशय व आतडी अशी अवयवांची जणू हजेरीच घेऊन, निजून राहण्याने प्रत्येकाची कशी दुर्दशा होते ते दाखवून दिले. १९५० मध्ये न्यूयॉर्कचे हॉवर्ड रस्क आणि त्यांचे सहकारी यांनी एक साधा पण डोळे उघडणारा प्रयोग केला: खाटेवर बेडपॅन घेऊन शौच करताना आणि खाटेशेजारच्या कमोडवर बसून शौच करताना शरीराला किती श्रम पडतात हे त्यांनी प्राणवायूच्या खर्चावरून मोजले, तेव्हा ज्याला आपण रुग्णास श्रम पडू नयेत म्हणून भांडे देतो त्यालाच त्या भांड्यावर अधिक श्रम पडतात असे दिसून आले. आणि १९५२ साली बॉस्टनचे सॅम्युएल लेव्हाइन व बर्नार्ड लाउन यांनी हृदयविकाराच्या ८१ रुग्णांना पहिल्या दिवसांपासूनच आरामखुर्चीत बसवण्याचे धाडस केले, तेव्हा भाकीत झालेला अनर्थ तर घडला नाहीच, उलट रुग्णांचा धीर वाढला आणि ते लवकर घरी गेले.

याच सुमारास अतिदक्षता विभागाचा जन्म झाला. १९५२ च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनमध्ये श्वसनाचे स्नायू लुळे पडलेली मुले व माणसे एकामागून एक दगावू लागली, तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून त्यातून हाताने रबरी पिशवी दाबीत श्वास देण्याची तजवीज केली. वैद्यकाचे शेकडो विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस त्या पिशव्या दाबीत बसले, आणि पुढे १९५३ साली त्याच शहरात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग निघाला. योगायोग असा की पोलिओच्याच पार्श्वभूमीवर, त्याच १९५३ साली, मुंबईत केईएम रुग्णालयात मुंबई महापालिका, भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने देशातली पहिली भौतिकोपचार शाळा सुरू झाली. एकाच रोगाच्या तडाख्यातून एका ठिकाणी श्वास चालू ठेवणारा विभाग आणि दुसऱ्या ठिकाणी लुळ्या हातापायांना पुन्हा चालायला लावणारी विद्या अशी दोन भावंडे जन्मास यावीत आणि पुढे ती एकमेकांपासून दूर जावीत, ही मला या सर्व इतिहासातली अत्यंत खेदाची गोष्ट वाटते. कारण यंत्रे जसजशी सामर्थ्यवान होत गेली तसतसे रुग्णाला यंत्राशी जुळवून घेण्यासाठी गाढ गुंगीत ठेवणे सोयीचे वाटू लागले; खाटेशेजारची खुर्ची वाटेत येते म्हणून हलवली गेली; आणि भौतिकोपचारतज्ज्ञाला पाचारण होऊ लागले ते रुग्ण विभागातून बाहेर पडताना, जेव्हा त्याच्या मांड्यांचे मांस झडून गेलेले असते.

आता पोटाकडे वळू, कारण माझ्या सांगण्याचा गाभा तेथे आहे. आपले अन्नमार्गाचे यंत्र ही केवळ एक लांबलचक नळी नव्हे. तिच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचे जाळे असून ते मेंदूच्या हुकुमावाचूनही आपला बराचसा कारभार चालवते. जठर रिकामे असते तेव्हा दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक लाट जठरापासून लहान आतड्याच्या अखेरीपर्यंत जाते आणि झाडलोट केल्याप्रमाणे उरलेसुरले पुढे ढकलते. उपाशी पोटी जे गुरगुरणे ऐकू येते त्यात या लाटेचा वाटा असतो. विश्रांतीच्या वेळी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे चौथा हिस्सा उदरातील अवयवांना मिळतो, यावरून त्या खात्याचा दर्जा कळावा. परंतु देहावर मोठे संकट आले म्हणजे मेंदू व हृदय यांच्या रक्षणासाठी शरीर सर्वप्रथम याच खात्याची तैनात कापते: आतड्यांकडे जाणारे रक्त आटते, लाटा मंदावतात, जठर रिते होत नाही. त्यातच आपण रक्तदाब चढवणारी जी औषधे शिरेतून सोडतो त्यांतली पुष्कळशी उदरातल्या वाहिन्या आणखी आवळतात. रक्तातील पोटॅशियम व मॅग्नेशियम घटले असेल तर आतड्याचा स्नायू आणखी लुळावतो. आणि वेदना व यंत्राचा त्रास शमवण्यासाठी दिलेली मॉर्फिन, फेंटॅनिल यांसारखी अफूच्या जातीची द्रव्ये आतड्याच्या भिंतीतल्या मज्जाजालालाच बांधून टाकतात. आपल्याकडे अतिसारावर अफूची मात्रा देण्याची जुनी चाल होती, तिच्या मुळाशी हेच कर्म होते. जे तेव्हा औषध म्हणून इष्ट होते तेच येथे औषधाच्या पाठीमागून आलेला अनर्थ ठरते.

याचा परिणाम केवळ अस्वस्थतेपुरता राहत नाही. जठरात साचलेले अन्न उताण्या निजलेल्या, अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या घशात चढते आणि तेथून श्वासनलिकेत उतरते; १९९९ साली बार्सिलोनामधील डॉक्टरांनी ८६ रुग्णांवर केलेल्या चाचणीत, ज्यांची खाट सपाट होती त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांना न्यूमोनियाची शंका घेण्याजोगी स्थिती उद्भवली, तर ज्यांची उशी ४५ अंश उंच केली होती त्यांच्यात तिचे प्रमाण अवघे ८ टक्के भरले. एवढा मोठा फरक, आणि त्यासाठी खर्च काय, तर खाटेची कळ फिरवण्याचा. तसेच मोठे आतडे तुंबून पोट फुगले की श्वासपटल वर ढकलले जाते, फुप्फुसाला पसरायला जागा उरत नाही, आणि ज्या माणसाला यंत्रावरून काढावयाचे आहे त्याच्याच श्वासाला आपण खालून अडसर घातलेला असतो. २००३ साली भूलशास्त्राच्या एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अतिदक्षता विभागातील ४८ रुग्णांपैकी ८३ टक्के रुग्णांना मलावरोध जडल्याचे नमूद आहे, आणि यंत्रावरून काढण्यात अपयश आले ते याच गटातील रुग्णांच्या बाबतीत. बद्धकोष्ठ आणि श्वसनयंत्र यांचा काय संबंध, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी भरल्या पोटी जिना चढून पाहावा.

शिवाय देहाच्या ठेवणीचा एक मुद्दा आहे, आणि त्याविषयी सभ्यपणाच्या भिडेने बोलले जात नाही म्हणून मी मुद्दाम लिहितो. मलाशयाच्या खालच्या टोकाशी एक स्नायू फासासारखा वेढा घालून त्याला पुढे ओढून धरतो, त्यामुळे तेथे एक बाक निर्माण होतो आणि मल नकळत सुटत नाही. मनुष्य उकिडवा बसला, निदान पाय टेकून किंचित पुढे वाकून बसला, म्हणजे तो बाक सरळ होऊ लागतो, पोटाच्या भिंतीचा दाब योग्य दिशेने पडतो आणि गुरुत्वाकर्षणही साह्य करते. उताणे निजलेल्या माणसाच्या कमरेखाली थंड भांडे सरकवून आपण त्याच्याकडून या तिन्ही साह्यांवाचून तीच क्रिया करून घेऊ पाहतो, आणि तीही अशा वेळी की त्याच्या पोटाचे स्नायू झिजलेले आहेत. ही झीज किती वेगाने होते ते २०१३ साली लंडनमध्ये ६३ अत्यवस्थ रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे ध्वनिलहरींच्या साह्याने मोजमाप घेऊन दाखवण्यात आले: अवघ्या दहा दिवसांत त्या स्नायूचा छेद सरासरीने जवळजवळ १८ टक्क्यांनी घटला होता. निरोगी तरुणांचीही निव्वळ निजून राहण्याने काय गत होते, हे अमेरिकेत डॅलस येथे १९६६ साली पाच तरुणांना तीन आठवडे खाटेवर ठेवून पाहण्यात आले होते. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा असे आढळले की तीस वर्षांच्या वार्धक्याने त्यांच्या श्रमशक्तीची जितकी हानी झाली नाही तितकी त्या तीन आठवड्यांच्या खाटेने केली होती.

मग रुग्णाला लवकर उठवावे हे ओघानेच आले, असे कोणी म्हणेल. आणि गेल्या वीस वर्षांत त्या दिशेने काम करणाऱ्यांनी मोठा पल्ला गाठला आहे यात संशय नाही. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील पॉली बेली या परिचारिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००७ साली १०३ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला: श्वसनक्रिया निकामी झालेल्या या रुग्णांना खाटेच्या कडेला बसवणे, खुर्चीत बसवणे आणि चालवणे असे एकंदर १४४९ प्रयोग झाले आणि त्यांत अनिष्ट घटना एक टक्क्याहून कमी घडल्या. एका परिचारिकेच्या नावाने हा लेख वैद्यकीय नियतकालिकात यावा, याचे मला विशेष वाटते, कारण रुग्णाच्या देहाची खरी ओळख तिलाच असते. पुढे २००९ साली शिकागो व आयोवा येथील १०४ रुग्णांच्या चाचणीत, गुंगीची औषधे रोज काही काळ थांबवून त्याच वेळी हातापायांचे व्यायाम व दैनंदिन कृती करवून घेतलेल्या गटातील ५९ टक्के रुग्ण रुग्णालयातून जाताना स्वतःचे स्वतः करू शकत होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३५ टक्के होते.

येथपर्यंत सर्व काही माझ्या मनासारखे आहे. पण ज्याला वाचकांपुढे प्रामाणिकपणे उभे राहावयाचे आहे त्याने नकोशा पुराव्याचीही दखल घेतली पाहिजे. जेवणानंतर शतपावली करावी, चालण्याने अन्न जिरते, हा संस्कार आपल्या हाडीमाशी खिळलेला आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला "चाला म्हणजे वारा सरेल" असे सांगणारे शल्यविशारदही याच संस्काराचा आधार घेत असतात. वस्तुतः १९९० साली अमेरिकेत पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या जठराला व आतड्यांना सूक्ष्म विद्युतवाहक टोके जोडून हा प्रश्न थेट तपासण्यात आला, तेव्हा पहिल्या दिवशी चालवलेल्या आणि चौथ्या दिवशी चालवलेल्या रुग्णांच्या आतड्यांची हालचाल पूर्ववत होण्याच्या काळात फरक दिसला नाही. निव्वळ पावले टाकल्याने लुळावलेले आतडे जागे होते, या म्हणण्याला त्या प्रयोगाने दुजोरा दिला नाही. तसेच २०२२ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या पुढाकाराने सहा देशांत झालेल्या ७५० रुग्णांच्या मोठ्या चाचणीत, गुंगी कमी करून अधिकाधिक जोमाने उठवलेल्या रुग्णांना नेहमीच्या पद्धतीने उठवलेल्या रुग्णांहून अधिक लाभ झाला नाही, उलट हृदयाची लय बिघडणे, रक्तदाब वा प्राणवायू घसरणे यांसारख्या घटना ४ टक्क्यांऐवजी ९ टक्के रुग्णांत घडल्या. येथे एवढे ध्यानात ठेवावे की त्या चाचणीतला 'नेहमीचा' गटही रोज सरासरी नऊ मिनिटे हालचाल करीत होता. ज्या विभागात रुग्णाला दहा दिवसांत एकदाही कोणी बसवलेले नसते, त्या विभागाने या निष्कर्षात आपल्या शिरस्त्याचे समर्थन शोधू नये. पण अत्यवस्थ माणसाला कवायतीला उभे करणे हे उपचाराचे ध्येय नाही, हे मात्र त्यातून स्पष्ट झाले आणि ते मला मान्य आहे.

मग माझे म्हणणे नेमके काय? माझ्या मते खुर्चीचे खरे सामर्थ्य पायांच्या हालचालीत जितके आहे त्याहून अधिक, तिच्यात बसवण्यासाठी आधी जे जे करावे लागते त्यात आहे. रुग्णाला बसवावयाचे तर त्याला जागे असावे लागते. जागा ठेवावयाचा तर गुंगीची मात्रा उतरवावी लागते. ती उतरवावयाची तर वेदना नीट मोजून, शक्य तेथे अफूजन्य द्रव्ये कमी करून, इतर उपायांनी शमवाव्या लागतात. आणि अफू कमी झाली की आतड्याचे बंध सैल होतात. बसवलेल्या माणसाचे मस्तक आपोआप उंच होते, पोटातले अन्न खाली राहते, श्वासपटलाला जागा मिळते. जागा असलेला माणूस सांगू शकतो की मला मळमळते आहे, मला जावयाचे आहे, मला लाज वाटते आहे. कोपनहेगनचे हेन्रिक केलेट यांनी शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी १९९० नंतरच्या काळात नेमके हेच प्रतिपादन केले: लवकर अन्न, लवकर उठणे, अफूविरहित वेदनाशमन, अनावश्यक नळ्यांना फाटा, या गोष्टी सुट्या सुट्या पाहिल्या तर प्रत्येकीचे फळ अल्प दिसते, एकत्र केल्या म्हणजे रुग्ण आठवड्याऐवजी दोन-तीन दिवसांत घरी जातो. अन्नाच्या बाबतीतही जुन्या लंघनाची सवय आता अशा रुग्णांपुरती सोडून देण्यात आली आहे. रक्ताभिसरण स्थिरावले की २४ ते ४८ तासांच्या आत नळीवाटे थोडे थोडे अन्न सुरू करावे, कारण आतड्याचे अस्तर आपले पोषण पुष्कळ अंशी त्यातून जाणाऱ्या अन्नावरच करते, असे आज मानले जाते. जठरात किती अन्न उरले हे दर काही तासांनी उपसून पाहण्याच्या आणि थोडे जास्त निघाले की अन्न बंद करण्याच्या रिवाजालाही २०१३ साली फ्रान्समधील चाचणीने धक्का दिला. न उपसलेल्या रुग्णांत न्यूमोनिया वाढला नाही आणि अन्न मात्र अधिक पोचले.

हे सर्व आपल्याकडे का होत नाही, या प्रश्नाला मनुष्यबळाचा तुटवडा हे उत्तर मिळते, आणि ते खोटे नाही. एका परिचारिकेकडे यंत्रावरचे तीन-चार रुग्ण असतील तर तिने कोणाला बसवावे आणि कोणाच्या नळ्या सांभाळाव्यात? घशातली नळी निसटली तर जबाबदारी तिच्यावर येते. रुग्ण निपचित पडून राहिला तर कोणाचीच तक्रार येत नाही. निजून राहण्याने झालेली हानी कागदावर कोठेच उमटत नाही, हाच या प्रश्नातला मोठा अन्याय आहे. भौतिकोपचारतज्ज्ञांच्या व्यवसायाला २०२१ च्या केंद्रीय कायद्याने सहवैद्यकीय व्यवसायांत वैधानिक स्थान मिळाले; परंतु कायद्याच्या दप्तरातले स्थान आणि रात्रीच्या वेळी तालुक्याच्या गावातल्या दहा खाटांच्या विभागात प्रत्यक्ष हजर असलेला माणूस यांत मोठे अंतर आहे, आणि ते भरून काढण्यासाठी पदे निर्माण करणे, ती भरणे आणि त्यांना वेळेवर वेतन देणे याखेरीज दुसरा मार्ग मला दिसत नाही.

तोवर मनुष्यबळाचा एक मोठा साठा काचेच्या दाराबाहेर पिशव्या घेऊन बसलेला आहे, त्याचा विचार का होऊ नये? आपल्याकडील रुग्णाचे नातेवाईक औषधे आणतात, रक्ताची तजवीज करतात, पैसे उभे करतात. मुलीने हात धुऊन, झगा घालून, परिचारिकेच्या देखरेखीखाली वडिलांच्या घोट्यांची हालचाल करावी, बसवताना त्यांच्या पाठीशी हात द्यावा, ते गोंधळले असतील तर आज वार कोणता हे सांगावे, याने संसर्गाचे संकट कोसळते असे मानण्याचे कारण नाही. निदान जेथे ही मुभा देता येईल तेथे ती नाकारू नये. आणि ज्याची भाषा वॉर्डात कोणाला कळत नाही असा एखादा वृद्ध आपली अडचण पहिल्यांदा सांगेल तो घरच्याच माणसाला, जशी भाऊंनी मला सांगितली.

माझी मागणी आरोग्यखात्यापुढेही आहे आणि खासगी इस्पितळांच्या चालकांपुढेही, आणि ती खर्चाच्या मानाने फार लहान आहे. रुग्णाच्या पायथ्याशी लटकणाऱ्या रोजच्या तक्त्यावर, जेथे रक्तदाब, नाडी, ताप, लघवीचे माप तासातासाला भरले जाते, तेथे आणखी तीन रकाने आखावेत: आज पोट साफ झाले काय, आज रुग्ण बसला काय, किती वेळ, आणि नसल्यास कोणत्या कारणास्तव, आज गुंगीचे औषध थांबवून पाहिले काय. जेथे 'नाही' लिहावे लागेल तेथे सबब लिहिण्याचे बंधन असावे, कारण रक्तदाब अस्थिर आहे ही योग्य सबब आहे आणि कोणाच्या लक्षात आले नाही ही नव्हे. आणि प्रत्येक तीन-चार खाटांमागे एक मजबूत, हात असलेली, चाकांना खीळ घालता येईल अशी खुर्ची आणि एक कमोडची खुर्ची असावी, व ती कोठारात कुलुपाखाली न ठेवता विभागातच, हाताशी असावी. भाऊंसाठी ती खुर्ची त्या सकाळी कोठून आली होती हे मी नंतर त्या परिचारिकेला विचारले. वरच्या मजल्यावरच्या अस्थिरोग विभागातून, तेथल्या सिस्टरला सकाळी आठच्या आत परत करते असे सांगून, ती स्वतः ढकलीत घेऊन आली होती.